कणीक, पखवाज आणि सन्माननीय व्यासपीठ

महाराष्ट्रात माणूस विज्ञानाविषयी पहिलं जाहीर मत साधारण पाचवीत असताना मांडतो, आणि ते मत त्याच्या आत्याचं असतं. आत्या शिक्षिका असते, किंवा एके काळी तिचे निबंध वर्गात वाचून दाखवत असत, म्हणून भाषण लिहायचं काम तिच्याकडे येतं. विषय शाळेनं दिलेला असतो : 'विज्ञान, शाप की वरदान?' हा विषय माझ्या वडिलांच्या वेळी होता, माझ्या वेळी होता आणि परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला आला. मधल्या काळात अणुबॉम्बच्या जागी मोबाइल आला, बाकी काही हललेलं नाही. वक्ता पाचातली दोन मिनिटं शापाला देतो, दोन वरदानाला, आणि उरलेल्या मिनिटात विज्ञान हे दुधारी शस्त्र असल्याचं जाहीर करून खाली उतरतो. 'शापच आहे, विषय संपला' असं ठणकावून सांगणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. तसं कुणी निघालंच तर त्याला कुठल्या रकान्यात गुण द्यायचे, असा पेच परीक्षकांपुढे पडेल.

मी अशा वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. मला का बोलावतात ते उघड आहे. मी मानधन मागत नाही आणि वेळेवर येतो. परीक्षक तिघे असतात. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना बोलण्यातलेही ऱ्हस्वदीर्घ ऐकू येतात. एक स्थानिक पत्रकार, ज्यांना चार वाजता दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं. तिसरा मी. आमच्यापुढे एकेक तक्ता, पाण्याची बाटली आणि टोपण नसलेलं पेन ठेवलेलं असतं.

भाषणाची सुरुवात ठरलेली. 'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो.' आधी फळ्यांना नमस्कार, मग फळ्यांवर बसलेल्यांना. त्यानंतर 'आज मी आपणांसमोर जे चार शब्द बोलणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती'. हे चार शब्द सुमारे सहाशे भरतात. शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' असं म्हटलं जातं. मधल्या मधे दोन शब्द कुठे गेले, हा हिशेब आजवर कुणी विचारलेला नाही.

हातवाऱ्यांचंही पाठांतर असतं. 'आकाश' म्हटलं की उजवा हात वर, 'सागर' म्हटलं की दोन्ही हात बाजूला, 'माझं मन' म्हटलं की छातीवर. वहीत त्या त्या शब्दाखाली लाल पेनानं तशा सूचना लिहिलेल्या असतात. घाबरल्यामुळे एखादी ओळ गळाली की हात पुढे निघून जातात आणि शब्द मागे राहतात. मग एखादी मुलगी 'कॅन्सरसारखा दुर्धर रोग' म्हणताना दोन्ही हातांनी उगवता सूर्य दाखवते. टाळ्या पडतात, कारण सूर्य छान दाखवलेला असतो.

विसरलं तर मूल चार ओळी मागे जातं आणि तिथून पुन्हा धावत येतं, गटार ओलांडण्याआधी पोरं मागे सरकतात तसं. तरी ओळ ओलांडता आली नाही की ते तिसऱ्या रांगेकडे बघतं. तिथे आईचे ओठ हलत असतात. भाषण आईलाही पाठ असतं. खरं सांगायचं तर आईला ते जास्त चांगलं येतं, आणि तिला स्पर्धेत घेतलं असतं तर कित्येक निकाल वेगळे लागले असते.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र आत्या निवृत्त झाली आहे. तिचं काम मोबाइलकडे गेलं. विषय टाकला की भाषण तयार, तेही पाच मिनिटांचं, वाटल्यास मध्ये एक चारोळी घालून. अलीकडे एका स्पर्धेत तीन वेगवेगळ्या शाळांची तीन मुलं 'आजच्या वेगवान युगात विज्ञान आणि कला ही मानवी प्रगतीच्या रथाची दोन चाके आहेत' या एकाच वाक्यावर स्वार होऊन आली. चौथं आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. पाचव्याच्या वेळी सतरंजीवरच्या पोरांनी ते वाक्य त्याच्याबरोबर कोरसमध्ये म्हटलं. आत्याच्या काळात निदान आत्या तरी वेगवेगळ्या होत्या.

महाविद्यालयीन गटाची गंमत निराळी. तिथे हौशी मंडळी कमी आणि व्यावसायिक जास्त. करंडक, फिरता चषक, रोख बक्षीस यांची जिल्हावार यादी यांच्या खिशात असते. ही मुलं एसटीनं रात्रीचा प्रवास करतात, सकाळी स्टँडवर तोंड धुतात आणि दहा वाजता 'तरुणाई कुठे चालली आहे?' असा सवाल करतात. आवाज भारदस्त, नजर छताकडे. एकच भाषण पर्यावरण, स्त्रीशक्ती, विज्ञान आणि रस्ता सुरक्षा या चारही विषयांना बसेल असं शिवून घेतलेलं. मध्येच आवाज एकदम खाली आणतात, तीन क्षण थांबतात आणि मग कानठळ्या बसतील असा प्रश्न विचारतात. उत्तर कुणाला अपेक्षित नसतं. मला या मुलांचं कौतुकही वाटतं, कारण निम्मा महाराष्ट्र बोलायला घाबरतो आणि ही पोरं हजार माणसांपुढे घाबरत नाहीत. फक्त एकदा तरी यांच्यातल्या कुणी 'मला हे कळलं नाही' असं भरल्या आवाजात म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. तीन क्षण थांबून म्हटलं तरी चालेल.

हीच मुलं एकांकिकेत उभी राहिली की मात्र माणसांसारखी बोलतात! पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. तिथे एकोणीस-वीस वर्षांची पोरं स्वतः लिहितात, स्वतः बसवतात, आणि सभागृहात 'आवाज कुणाचा' असा गजर चालू असताना रंगमंचावर मात्र कुजबुजून बोलायची हिंमत करतात. सकाळी वक्तृत्व स्पर्धेत पुतळ्याच्या पोझमध्ये उभा असलेला मुलगा संध्याकाळी तालमीत 'च्यायला, हा प्रकाश डोळ्यात येतोय' म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात जास्त विज्ञान असतं. फरक एवढाच, की एकांकिकेत काय सांगायचंय ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं.

आता वेळेविषयी. स्पर्धकाला पाच मिनिटं. चार मिनिटांनी पहिली घंटा, पाचव्या मिनिटाला दुसरी, आणि त्यानंतर गुण कापायला सुरुवात. घंटा वाजवायला एक शिक्षक बसवलेले असतात आणि ते हे काम फार गांभीर्यानं करतात. दहा वर्षांची मुलगी 'आणि म्हणूनच मला वाटतं की' असं म्हणते आणि घंटा पडते. तिला काय वाटतं ते मग कधीच कळत नाही.

हीच घंटा प्रमुख पाहुणे बोलत असताना टेबलाखाली ठेवलेली असते. त्याआधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, रोपटं, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय झालेला असतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात; इथे तेलाचा घडा आणायला गेलेल्या माणसाचाही सत्कार होतो. पाहुणे उठतात, 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणतात, आणि आम्ही परीक्षक त्या वाक्यावर बाटल्यांची टोपणं उघडतो. मुलांनी कसं थोडक्यात बोलावं, हे ते पाऊण तास समजावून सांगतात.

लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची संस्था आहे. तिथल्या शुक्रवारच्या व्याख्यानांची पद्धत ऐकून माझ्या मुख्याध्यापक मित्रांना दोन दिवस चैन पडलं नव्हतं. तिथे घड्याळाचा ठोका पडला की दार उघडतं, वक्ता आत येतो आणि सरळ विषयाला हात घालतो. संबोधन नाही, परिचय नाही, आभार नाहीत. तासाचा ठोका पडला की संपलं. "म्हणजे नारळसुद्धा नाही?" सरांनी विचारलं. नारळ नाही, उलट वक्त्याला व्याख्यानाआधी अर्धा तास एका खोलीत कोंडून ठेवायचा रिवाज आहे. १८४६ साली व्हीटस्टन नावाचे शास्त्रज्ञ ऐन वेळी घाबरून पळून गेले आणि मायकेल फॅरेडेला त्यांच्या जागी उभं राहावं लागलं, तेव्हापासून ही खबरदारी, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे वक्ता पळून गेल्याची आख्यायिका नाही. श्रोत्यांना कोंडायचे प्रसंग मात्र येतात. बक्षीस समारंभापर्यंत मुलं थांबावीत म्हणून फाटकाला कुलूप घातलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

या फॅरेडेची गोष्ट मला फार आवडते. हा बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मुलगा. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला याच संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं ती व्याख्यानं लक्षपूर्वक ऐकली, टिपणं काढली, त्यांचं सुबक पुस्तक बांधलं आणि ते डेव्हीलाच पाठवून नोकरी मिळवली. पुढे स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं पैसे मोजून वक्तृत्वाचे धडे घेतले. बोलताना आपण घाई करतो हे त्याला माहीत होतं, म्हणून समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवायची व्यवस्था केली होती. तेव्हा बोलण्याची तालीम करण्यात वाईट काहीच नाही. लाल पेनाच्या सूचना फॅरेडेलाही लागल्या. फक्त त्याच्याकडे सूचनांच्या वरच्या बाजूला लिहायला स्वतःचं काहीतरी होतं.

नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञान-व्याख्यानं द्यायची प्रथा या संस्थेत १८२५ साली सुरू झाली आणि फॅरेडेनं स्वतः अशा एकोणीस मालिका दिल्या. त्यातली सर्वांत गाजलेली एका मेणबत्तीवर आहे. एक मेणबत्ती, सहा व्याख्यानं. वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं, जळतं ते मेण की मेणाची वाफ, ज्योतीचा पिवळा भाग उजळतो तो तापलेल्या काजळीच्या कणांमुळे, हे सगळं पोरांपुढे करून दाखवत. आपण दर कार्यक्रमाला पाच वातींची समई लावतो. त्या ज्योतीविषयी व्यासपीठावरून आजवर एकच वाक्य बोललं गेलं आहे : "अहो, पंखा बंद करा."

थोडक्यात बोलायची स्पर्धाही जगात निघाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं २००८ साली पीएच.डी. करणाऱ्यांना सांगितलं, तुमचा प्रबंध तीन मिनिटांत सामान्य माणसाला समजावून सांगा. ही कल्पना सुचली म्हणे बाथरूममधून. तिथे तेव्हा भीषण दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक अंघोळीच्या जागी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावत. वाळू संपली की नळ बंद. आपल्याकडे दुष्काळ काही कमी नाहीत; २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पण त्यामुळे पाणीटंचाईवरच्या परिसंवादातलं एखादं भाषण आटल्याचं ऐकिवात नाही.

साहेबाचं कौतुक फार झालं असं कुणी म्हणायच्या आत मुंबईत येतो. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी एक मंडळी काढली. नाव 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'. साहित्य आणि विज्ञान एकाच पाटीवर! आज आपल्या कॉलेजात कला शाखा आणि विज्ञान शाखा एका कँटीनमध्ये चहासुद्धा पीत नाहीत. या मंडळीत एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा, असा शिरस्ता. इंग्रजीतलं ज्ञान इंग्रजीतच फिरतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी मराठी आणि गुजराती शाखा काढल्या, त्या ज्ञानप्रसारक सभा. यात बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण होता, दादाभाई नौरोजी. तो पुढे त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि त्याहून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी या पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे फुकट शिकवायला जाऊ लागले. नुसतं बोलत बसण्याचे असे दुष्परिणाम होतात. मला संशय आहे की आपल्या स्पर्धांचे नियम याच अनुभवातून सावध होऊन केलेले असावेत.

मराठी माणसाला भाषण ऐकायचा कंटाळा आहे असं कुणी म्हणू नये. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि ऐन उन्हाळ्यात तिला माणसं येत आली आहेत. पण आपली कल्पना अशी, की बोलणारा वर, ऐकणारा खाली, आणि वरच्याचं वय जास्त. मूल वर चढलं तरी त्यानं मोठ्या माणसाचंच बोलावं. म्हणून आम्ही त्याला काहीही विचारत नाही. वक्तृत्व स्पर्धेत भाषण झाल्यावर मुलाला कुणी एक प्रश्न विचारला, असं तुम्ही पाहिलंय का? विचारणार तरी काय, उत्तर आत्याकडे. जयंत नारळीकरांभोवती मुलं स्वाक्षरीसाठी गोळा व्हायची तेव्हा ते त्यांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आता या अटीची मेख बघा. सही हवी तर आधी प्रश्न पडला पाहिजे. आत्यानं दिलेला चालेल, पण पोस्टकार्ड स्वतः टाकावं लागणार, आणि उत्तर आल्यावर ते समजून घ्यायला आत्या तिथे असेलच असं नाही.

प्रश्न पडलेलं एक मूल मी व्यासपीठावर पाहिलं. २८ फेब्रुवारी होती, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी त्यांचा प्रसिद्ध शोध लावला, म्हणून १९८७ पासून आपण हा दिवस रांगोळीनं साजरा करतो. रामन यांच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला. प्रमुख पाहुण्यांनी रामन यांचा फेटा, त्यांची साधी राहणी आणि आजच्या पिढीचं मोबाइलवेड यांवर अर्धा तास प्रकाश टाकला. प्रकाशाचं पुढे काय होतं, ज्याच्यासाठी रामन यांना नोबेल मिळालं, ते राहून गेलं. मग स्पर्धा. रथाची दोन चाकं तीनदा येऊन गेली.

आठव्या क्रमांकाला आठवीतला एक मुलगा आला. काखेत पखवाज, हातात स्टीलचा डबा.

"अरे, हे काय आणलंस?" सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या. "ते बाहेर ठेव आधी."

"बाई, भाषण यातच आहे."

सभागृहात खसखस पिकली. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं, तेवढ्यात पोरगं मांडी घालून खाली बसलंही. साउंडवाल्याची त्रेधा उडाली. आजवर त्यानं माईक खाली आणला होता तो पहिलीतल्या मुलांपर्यंत. जमिनीपर्यंत जायची वेळ पहिलीच.

"माझे आजोबा भजनात पखवाज वाजवतात," मुलगा म्हणाला. "वाजवायच्या आधी डाव्या बाजूला कनीक लावतात. मी लहान होतो तेव्हा मला वाटायचं, पखवाजाला भूक लागते."

सतरंजी हसली. त्यानं डाव्या पुडीवर थाप मारली. कोरडा, पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला. मग डबा उघडला, कणकेचा गोळा काढला, पाण्याचा हात लावून पुडीच्या मधोमध थापला आणि पुन्हा थाप दिली. घुमारा असा निघाला, की मुख्याध्यापकांच्या बाटलीतलं पाणी हललं.

"कनीक लावली की कातडं जड होतं. जड झालं की सावकाश हलतं. सावकाश हललं की आवाज खाली जातो." त्यानं निम्मी कणीक काढली आणि वाजवून दाखवलं. आवाज चढला. आणखी थोडी काढली. आणखी चढला. "आजोबा कानानं मोजतात. मी दुकानातल्या काट्यावर मोजली. रोज तेवढीच लागत नाही. हवा दमट असली की कातडं सैल पडतं, मग कमी लागते."

पहिली घंटा पडली.

"आता मला एक कळलेलं नाही," तो म्हणाला, आणि मी खुर्चीत सरळ झालो. "उजव्या बाजूला शाई असते, ती कायमची. ती मधोमधच का? कडेला लावली तर काय होईल? आजोबांना विचारलं, लावून बघू का. ते म्हणाले, पुडीला हात लावशील तर याद राख. म्हणून ते अजून कळायचं राहिलंय."

एवढं बोलून तो उठला. दोन शब्द संपवले नाहीत, चारही संपवले नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "परत वाजव रे!"

त्या मुलाला माहीत नव्हतं, पाहुण्यांनाही नव्हतं, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्यानं दिलं तो माणूस त्याच्या पाठीमागे झेंडूच्या हारात टांगलेला होता. रामन यांना वाद्यांचं वेड होतं. १९२० साली, म्हणजे त्या प्रसिद्ध शोधाच्या आठ वर्षं आधी, त्यांनी एका सहकाऱ्यासोबत 'नेचर'मध्ये आपल्या मृदंग-तबल्यावर टिपण लिहिलं. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की त्यातून अनेक कंपनं एकदम निघतात आणि त्यांचं एकमेकांशी गणित जुळत नाही, म्हणून कानाला नुसता धडधडाट ऐकू येतो. मधोमध शाईचं वजन दिलं की ती कंपनं दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात येतात, आणि मग ढोलाला सूर मिळतो. तंबोऱ्याशी जुळवून घेता येईल असा सूर. शाई घोटणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे कानानं साधलं होतं. रामन यांनी ते मोजून जगाला सांगितलं. आजोबा आणि नातू यांच्यात त्या दिवशी साधारण हेच चाललं होतं.

निकालासाठी आम्ही तिघे कर्मचारी कक्षात गेलो. तक्त्यावर पाच रकाने : आशय, मांडणी, उच्चार, हावभाव, पाठांतर.

"'कणीक'ला 'कनीक' म्हणाला," मुख्याध्यापक म्हणाले.

"पण कणीक होती ना, सर," मी म्हटलं. "बाकीच्यांच्या रथाला चाकं होती का?"

"व्यासपीठाला संबोधन नाही. हावभावांचं काय? हात सगळे वाजवण्यात गेले. पाठांतर तर शून्य, पाठ केलेलंच नाही."

पत्रकार म्हणाले, "फोटो मात्र त्याचाच जाणार." आणि घड्याळाकडे पाहून निघून गेले. उरलो आम्ही दोघे आणि नियमावली. नियमावली मुख्याध्यापकांच्या बाजूची होती, म्हणजे दोन विरुद्ध एक झालं. पहिलं बक्षीस रथाच्या सर्वांत स्वच्छ उच्चारांच्या चाकांना मिळालं. पखवाजवाल्याला उत्तेजनार्थ. बक्षीस म्हणून 'प्रभावी भाषणे' अशा धर्तीचं जाडजूड पुस्तक. ते घ्यायला तो आला तेव्हा हाताला कणीक होती, त्यामुळे पाहुण्यांनी हस्तांदोलन टाळून नमस्कार केला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक सभागृहामागे गेले आणि त्या मुलाला म्हणाले, "बाळ, ती शाई कशाची करतात रे?" मुलगा म्हणाला, "लोखंडाचा कीस आणि भात घोटतात सर." "भात?" "हो सर. शिजवलेला." सरांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. ऱ्हस्वदीर्घ तपासून.

यंदाचं पत्रक परवाच आलं. विषय तोच, शाप की वरदान. नियमांत एका कलमाची भर पडली आहे : 'स्पर्धकांनी व्यासपीठावर वाद्य, कणीक अथवा तत्सम खाद्यपदार्थ आणू नयेत.' मुलगा आता नववीत आहे आणि आजोबांनी त्याला एक जुनी, कडेला फाटलेली पुडी देऊन टाकल्याचं कळतं. नुसत्या पुडीला वाद्य म्हणायचं का आणि शाईतला भात खाद्यपदार्थांत धरायचा का, यावर आयोजकांनी मुख्याध्यापकांचा अभिप्राय मागवला आहे. ते म्हणे अजून विचार करताहेत.